अंगरखे, कुदळी आणि एक साडी

माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मला फसवलं. सटाण्याला दुय्यम निबंधकाच्या कचेरीत, एका साडीवर आणि एका जेवणावर, त्याने माझ्याकडून वडिलांच्या जमिनीवरचा हक्क सोडवून घेतला. बळजबरी झाली नाही. कागद खोटा नव्हता. सही माझीच आहे. तरीही मी फसवलं म्हणते, आणि का म्हणते ते सांगायला मला अमेरिकेपर्यंत जावं लागतं. वाचणाऱ्याने तेवढा धीर धरावा.

हक्कसोड म्हणजे काय हे आमच्या भागात कोणाला समजावून सांगावं लागत नाही. बाप गेला की सात-बाऱ्यावर मुलांबरोबर मुलींचीही नावं चढतात. मग भाऊ बहिणीला बोलावणं पाठवतो. पुरणपोळीचं जेवण होतं, नवी साडी नेसवतात, आणि दुसऱ्या दिवशी जीप ठरवून कचेरीत नेतात. बहीण सही करते आणि तिचं नाव उताऱ्यावरून जातं. सही न करणाऱ्या बहिणीही असतात, पण पुढे दहा वर्षं प्रत्येक लग्नात बायका त्यांच्याकडे बघून पदराआड बोलतात.

मी तेव्हा नाशकात रद्दीचा धंदा करत होते. नवरा कामाला होता तो सातपूरचा कारखाना बंद पडला तेव्हा मी दारोदार फिरून वर्तमानपत्रं गोळा करायला लागले, आणि पाच वर्षांत दिंडोरी रोडला पत्र्याचं गोदाम उभं केलं. द्राक्षांच्या पेटीत तळाला आणि मण्यांच्या वर कागद लागतो. दिंडोरीकडचे बागायतदार हंगामात तो माझ्याकडून उचलायचे. पहिल्या सांगितलेल्या भावाला मी आयुष्यात कधी हो म्हटलेलं नाही. भिवंडीचा एक व्यापारी मला दारात बघितलं की आपल्या माणसाला सांगायचा, "चहा आत्ताच नको सांगू. बाई दोन तास बसणार आहे." मी बसायचेच. उठून जायचे, रिक्षात बसायचे, परत बोलवायला लावायचे.

तर अशा बाईने कचेरीत कागद न वाचता सही केली. माहेरी भाव करत नाहीत. कागद वाचायला मागितला असता तर तो भावावर अविश्वास झाला असता, आणि शेजारी बाकावर आई बसली होती. कारकुनाने बोट ठेवून जागा दाखवली. मी पेन हातात घेतलं, पण क्षणभर थांबले. सवयच ती, सही करताना हात थांबतो. तेवढ्यात भाऊ माझ्याजवळ वाकला आणि घरातल्या अहिराणीत म्हणाला, "ताई, कागद सरकारना शे. घर तुन्हंच शे. आखाजीले ये, ऱ्हाय, जे लागस ते ली जा."

म्हणजे कागद सरकारसाठी आहे, घर तुझंच आहे, अक्षय्य तृतीयेला ये, राहा, जे लागेल ते ने. आईने मान हलवली. मी सही केली.

हे बोलणं आम्हा तिघांतच झालं. त्यातली आई आता नाही.

आता अमेरिका.

भिवंडीहून मी जी रद्दी आणायचे तिच्यात परदेशी गाठी असायच्या. न खपलेली वर्तमानपत्रं तिकडे गाठी बांधून जहाजात घालतात. कागद स्वच्छ, जाड, शाई हाताला लागत नाही. बागायतदाराला देशी रद्दीपेक्षा ती आवडायची. एका गाठीत एकाच अंकाच्या दीडदोनशे प्रती. त्यामुळे माझ्या गोदामात आठवडाभर जिकडे बघावं तिकडे तेच पान, तोच हसणारा मोटारविक्या, तीच थंडीच्या कोटांची जाहिरात. पेट्यांसाठी कागदाचं कात्रण करणाऱ्या बायका त्या विक्याला जावई म्हणायच्या.

मी कॉलेजात एक वर्ष गेलेली. इंग्रजी वाचता येई, पण अडखळत. दुपारी उन्हाने पत्रे तापले की काम थांबायचं. तेव्हा मी गाठीवर बसून वाचायचे. त्यांच्या ईशान्य किनाऱ्यावरच्या एका लहान गावचं वर्तमानपत्र बऱ्याचदा यायचं. त्यात एक म्हातारी बाई दर आठवड्याला गावाच्या जुन्या काळावर एक स्तंभ लिहायची. पहिली जहाजं कुठे लागली, पहिल्या हिवाळ्यात किती माणसं गेली, मका कोणी पेरायला शिकवला, कुंपण पहिलं कोणी घातलं. तिचं लिहिणं मला पटायचं, कारण ती प्रत्येक ठिकाणी विचारायची की यात कोणाला काय मिळालं. हा माझाही पहिला प्रश्न असतो. मी शब्दकोश घेतला. स्तंभ कापून एका पत्र्याच्या पेटीत ठेवायला लागले.

अडचण अशी की पुढचा आठवडा मिळेलच असं नसे. म्हातारी सांगायची, गावकरी आणि नदीपलीकडचे मूळ रहिवासी यांच्यात बोलणी बसली, आणि पुढची गाठ दुसऱ्याच गावची निघायची. त्या बोलण्यांचं काय झालं हे मला सहा वर्षं कळलं नाही. भिवंडीच्या व्यापाऱ्याला मी एकदा सांगितलं की मला त्याच गावची गाठ पाहिजे. तो म्हणाला, "बाई, आता रद्दीतसुद्धा निवड करणार?"

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी गोदामात संगणक आला. कराच्या कामासाठी आणला होता, पण इंटरनेट जोडलं त्या दिवशी मी पहिल्यांदा त्या गावाचं नाव टाइप केलं. बोलण्यांचं काय झालं ते अर्ध्या तासात समोर आलं. मग मी थांबले नाही. त्यांच्या जुन्या कचेऱ्यांनी करारनामे जसेच्या तसे टाकलेले होते. भाषा जुनी, अक्षरं विचित्र, पण मजकूर ओळखीचा. जमीन, चतुःसीमा, मोबदला, सह्या. मूळ रहिवाशांना लिहिता येत नव्हतं म्हणून त्यांनी खुणा काढलेल्या. कोणी धनुष्य, कोणी कासव. आमच्याकडे अंगठा असतो.

तेव्हा मराठीत लिहिण्यावाचण्याची दोनतीन संकेतस्थळं होती. कोणीही लिहावं, खाली कोणीही प्रतिसाद द्यावा. मी टोपणनाव घेतलं आणि अमेरिकेच्या सुरुवातीच्या दिवसांवर लिहायला लागले. का लिहिलं, याचं खरं उत्तर असं की त्या पेटीतल्या कात्रणांबद्दल बोलायला मला माणूस नव्हता. नवरा ऐकायचा, पण त्याला झोप लागायची.

लोक वाचायला लागले. पहिल्या हिवाळ्यावर लिहिलं तेव्हा बायकांचे प्रतिसाद जास्त आले. थंडीत लेकरं कशी जगवली असतील, अंगावर काय पांघरत असतील. तंबाखूच्या शेतीवर लिहिलं तेव्हा निपाणीकडच्या एकाने पानाची प्रतवारी समजावून सांगितली. चहा समुद्रात टाकला त्यावर लिहिलं तेव्हा भांडण झालं, कारण मी विचारलं होतं की चहा उलट स्वस्त झाला होता, मग चोरटा चहा विकणाऱ्या व्यापाऱ्यांचं नुकसान किती होणार होतं ते बघा. एकाने लिहिलं, "तुम्हाला सगळीकडे दुकानच दिसतं का?" मी लिहिलं, "हो. मी दुकानातच बसते."

नियमित येणाऱ्यांत एक गृहस्थ होते. मूळचे पुण्याचे, न्यू जर्सीत नोकरीला. चुका काढायचे आणि बहुतेक वेळा त्यांचं बरोबर असायचं. न्यूयॉर्कचं ते बेट डच लोकांनी मूळ रहिवाशांकडून थोड्या मालावर घेतलं, ही गोष्ट मी लिहिली त्या दिवशी खाली पहिला प्रतिसाद त्यांचाच आला:

"ताई, चोवीस डॉलरमध्ये आख्खं बेट. आज मी तिथे गाडी लावायला तेवढेच देतो. विकणाऱ्यांना जरा तरी अक्कल हवी होती."

खाली हसणाऱ्यांची रांग लागली. आपले लोक असते तर निदान एक फ्लॅट तरी मागितला असता, असं एकाने लिहिलं. मण्यांच्या माळा घेऊन नाचले असतील, असं दुसऱ्याने.

माझं डोकं फिरलं. माझं लवकर फिरतं. मी आधी माहिती लिहिली: त्या व्यवहाराचा मूळ कागद आज कुठेही नाही, एका पत्रात फक्त उल्लेख आहे, माळांची गोष्ट नंतर कोणीतरी जोडली. मग मी लिहिलं की अक्कल नव्हती म्हणणाऱ्यांनी आधी हे सांगावं, त्यांनी विकलं काय? त्यांच्यात जमीन विकायची रीत नव्हती. पाहुणा माल घेऊन आला, त्यांनी तो घेतला आणि त्याला बसायला जागा दिली. ते पुढच्या वर्षी त्याच जागी मासे धरायला आले, कारण त्यांच्या समजुतीने आता दोन घरं जोडली गेली होती. माल म्हणजे किंमत नव्हती, नात्याची सुरुवात होती. डच माणसाने मात्र खरेदी केली होती.

न्यू जर्सीवाल्यांचा प्रतिसाद दुसऱ्या दिवशी आला. या वेळी थट्टा नव्हती.

"ताई, मुद्दा चांगला आहे. पण कागद नाही, त्यांचं लिहिलेलं काही नाही. मग सही करताना त्यांना काय वाटत होतं हे तुम्ही इतक्या खात्रीने कसं सांगता?"

प्रश्न योग्य होता. मी गोदाम बंद केलं, घरी गेले, भाजी निवडली. माझ्याजवळ उत्तर होतं. ते द्यायचं की नाही, एवढंच ठरवायचं होतं.

सही केल्यावर पहिली काही वर्षं भाऊ मला आखाजीला न्यायला यायचा. आमच्या बागलाणात लेकीबाळींसाठी आखाजी दिवाळीहून मोठी. झाडाला झोके बांधतात, सासुरवाशिणी गाणी म्हणतात, आई भर दुपारी शेजारी पाय पसरून बसते. मी चार दिवस राहायचे आणि येताना बांधावरच्या आंब्याच्या कैऱ्या आणि पिशवीभर कांदे आणायचे. मग एका वर्षी त्याला यायला जमलं नाही. पुढच्या वर्षी फोन आला की घराचं बांधकाम काढलंय, जागा नाही. तिसऱ्या वर्षी फोनही आला नाही. मी स्वतःच नामपूरची एसटी धरली.

शेतात डाळिंब लावलं होतं आणि चारी बाजूंनी तारेचं कुंपण होतं. आंबा कुंपणाच्या आत गेला होता. फाटक उघडं दिसलं म्हणून मी आत गेले, खाली पडलेल्या कैऱ्या वेचल्या. रखवालदार नवा होता. त्याने पिशवी धरली.

"मालकाला इचारलं का?"

"मी मालकाची बहीण आहे."

"आसाल. पन मला काय सांगितलं नाय."

मी कैऱ्या जमिनीवर ओतल्या आणि घरी गेले. भावजय ओट्यावर आली. "ताई, फोन करून यायचं ना. आज घरी कोणीच नाही," असं ती म्हणाली. घरात आई होती. मला तिचा खोकला ऐकू येत होता. मी आत जाऊन आईजवळ बसले. तिने विचारलं, "राह्यशी ना?" मी म्हणाले, नाही, गोदामात माल येणार आहे. माल येणार नव्हता. आई त्याच्या पुढच्या थंडीत गेली. मला निरोप आला तेव्हा तिला न्यायची वेळ झाली होती.

हे सगळं मी संकेतस्थळावर लिहिलं नाही. मी न्यू जर्सीच्या गृहस्थांना एवढंच उत्तर दिलं: "खात्रीने सांगते, कारण मी तशीच सही केलेली आहे. माझ्या भावाने कचेरीत मला सांगितलं की कागद सरकारसाठी आहे आणि घर माझंच आहे. मी साडी घेतली. माझ्या समजुतीने मी नातं पक्कं केलं. त्याच्या समजुतीने खरेदी झाली. मी मूर्ख नाही, माझ्याशी व्यवहार केलेल्या कोणालाही विचारा."

त्या उत्तराखाली कोणी हसलं नाही. पाचसहा बायकांनी आपापल्या हक्कसोडीबद्दल लिहिलं. एकीने साडीचा रंग लिहिला. न्यू जर्सीवाल्यांनी लिहिलं, "माफ करा," आणि दोन दिवसांनी मला एका करारनाम्याचा इंटरनेटवरचा पत्ता पाठवला. तुम्हाला हा बघायला आवडेल, असं सोबत.

तो करार मी तीनदा वाचला. नदीकाठच्या एका नव्या वसाहतीसाठी घेतलेली जमीन. मोबदल्यात शंखमण्यांचे सर, अंगरखे, कुऱ्हाडी, कुदळी आणि सुऱ्या. इथवर नेहमीचं. पण पुढे अटी होत्या. जिथे आमचं पीक उभं आहे ती जमीन आमचीच राहील. मासे धरू, हरणं मारू, अक्रोड आणि ओकची फळं वेचू. तुमच्या गुरांनी आमचा मका खाल्ला तर भरपाई द्याल. डुकरं अमुक काठावर आणायची नाहीत, फळं पडायच्या दिवसांखेरीज. मान्यता देणाऱ्यांत बायकांचीही नावं होती.

मी खुर्चीत मागे टेकले. ज्यांना अक्कल नाही म्हणून आम्ही सगळे बोलत होतो, त्यांनी पडलेली फळं वेचायचा हक्कसुद्धा लिहून घेतला होता. लिहिता न येणाऱ्या माणसांनी. आणि मी, बीजक वाचल्याशिवाय गाठ उतरवू न देणारी, एक ओळ लिहून घेतली नव्हती.

त्यावर मी सविस्तर लेख लिहिला. हेही लिहिलं की अटी असूनही पुढे कुंपणं आली, डुकरं मक्यात शिरली, तक्रारी झाल्या, आणि काही पिढ्यांत ती माणसं त्या काठावरून गेली. कागद असणाऱ्यांचं असं झालं. शेवटी एक वाक्य डाळिंबाच्या कुंपणात गेलेल्या माझ्या आंब्याबद्दल आणि रखवालदाराबद्दल टाकलं. गावाचं नाव नव्हतं. भावाचं नव्हतं, माझंही नव्हतं.

पण भावाची मुलगी तेव्हा पुण्यात शिकत होती. तिने वाचलं, डाळिंब आणि आंबा यांवरून ओळखलं, माझा कचेरीबद्दलचा जुना प्रतिसादही वाचला, आणि बापाला फोनवर विचारलं, "आत्याला तुम्ही असं बोलला होतात का?" हे मला तिनेच नंतर सांगितलं.

भाऊ मार्चमध्ये आला, भर हंगामात. गोदामात चार गाड्या लागलेल्या. तो इस्त्रीच्या शर्टात, गाठींमधून वाट काढत टेबलापाशी आला आणि माझ्याशी शुद्ध मराठीत बोलायला लागला. माझ्याशी तो कधी तसं बोलत नाही. तसं तो बँकेत बोलतो.

"ताई, तो लेख काढून टाक."

"कोणता?"

"अमेरिकेचा."

"अमेरिकेचे माझे तीस लेख आहेत."

"तुला माहीत आहे कोणता. तुझ्या अमेरिकेत मला कशाला ओढलंस?"

"तुझं नाव कुठे आहे त्यात? दाखव."

"गावाला नाव लागत नाही. नामपूरच्या बाजारात लोकांनी मला विचारलं, काय मालक, आंबा पिकला का. पोरीचं स्थळ बघतोय. पाहुणे लोक शिकलेले आहेत, वाचतात."

"मग त्यांना सांग की आत्या खोटं लिहिते."

बाहेर हमाल गाठी टाकत होते. मी चहा सांगितला नाही. थोड्या वेळाने त्याने सूर बदलला. मी त्या सुराची वाटच बघत होते. माणूस दुसरा भाव सांगायच्या आधी असाच खाकरतो.

"ठीक आहे. या आखाजीला ये. मी स्वतः गाडी घेऊन येतो. चार दिवस राहा, आठ दिवस राहा."

"या आखाजीला. आणि पुढच्या?"

"पुढच्या पण."

"आणि तुझी मुलं कारभार बघायला लागल्यावर?"

"आता ह्याचा पण कागद करायचा का?"

"हो," मी म्हणाले. "पण तो नंतर. आधी माझी एकच अट. लेखाखाली प्रतिसादाची जागा आहे. तिथे लिही की कचेरीत मी ताईला असं असं बोललो होतो. बास. जमीन मागत नाही, आंबा मागत नाही. तू लिहिलंस की मी माझं वाक्य पुसते."

"मी तसं काही बोललो नव्हतो."

"काय?"

"मी तसं बोललो नव्हतो. तू सही केलीस, तुला समजत होतं. तू काय अडाणी आहेस?"

टेबलावर बांधलेला गठ्ठा होता, तो मी त्याच्या अंगावर फेकला. सुतळी सुटली आणि त्याच्या इस्त्रीवर अमेरिका पसरली. हमाल थांबून बघायला लागले. त्याने खांद्यावरचं पान काढलं, टेबलावर नीट ठेवलं आणि गेला. राग आल्यावर मी नेहमी हरते. त्या दिवशीही हरले, कारण तो मार खाल्लेल्या माणसासारखा निघून गेला आणि बघणाऱ्यांना चूक माझी दिसली.

पुढचा लेख कुंपणांवर लिहायचा होता. तो मला जमेना. त्याचं कारण गोदामातच होतं आणि ते इथे लिहिल्याशिवाय मला भावाला काही विचारता येणार नाही.

सुरगाण्याकडची एक बाई सलग सहा हंगाम माझ्याकडे कागदाचं कात्रण करायला यायची. पावसाळ्यात घरचा भात आणि नागली, थंडी सरली की नाशिक. हात असा चालायचा की दोन बायकांचं काम एकटी करायची. सहाव्या वर्षी जाताना तिने विचारलं, पुढल्या साली दुसरीकडे मुकादम बोलावतो, जाऊ का? मी म्हणाले होते, "कुठे जाऊ नको. इथलं काम तुझंच." पुढच्या साली मी कात्रणाचं यंत्र आणलं. ती गाठोडं घेऊन फाटकात उभी राहिली. "तुमी बोलल्या व्हत्या ना, बाई," असं ती म्हणाली. मी म्हणाले, "बोलण्याला काय, यंत्र आलं आता." ती वाद न घालता निघाली. त्या हंगामात तिला कुठे काम मिळालं, मिळालं की नाही, मी विचारलं नव्हतं.

भाऊ येऊन गेल्यावर मी त्या मुकादमाला गाठलं. ती पेठ रोडला एका बागेत खुडणीवर होती. मी रिक्षा करून गेले. वेलींखाली वाकून ती घड कापत होती. मला बघून उभी राहिली आणि कमरेवर हात ठेवला. मी म्हणाले, "त्या वर्षी मी तुला बोलले होते, काम तुझंच म्हणून. बोलले होते आणि मोडलं."

"आता काय त्याचं, बाई," ती म्हणाली. मग पुढे म्हणाली, "मला वाटलं तुमाला आठवत पन नसंल." आणि परत वाकली.

तिच्यासाठी मी काही मोठं केलं नाही. पुढच्या हंगामात कामावर बोलावलं, ती आली नाही. तिकडे तिला बरं होतं. पण "बोलले होते" हे दोन शब्द तोंडातून काढायला मला किती जड गेले ते मला माहीत आहे. पेठ रोडला लागल्यावर मी रिक्षावाल्याला दोनदा म्हणाले होते की परत फिरव. त्यामुळे ते शब्द काढायला भावाला किती जड जात असेल याचाही मला अंदाज आहे. मी ही हकिगत कुंपणांच्या लेखात लिहिली, माझ्या बाजूने, काही न लपवता. न्यू जर्सीच्या गृहस्थांनी खाली एकच ओळ लिहिली: "आता तुमच्या भावाने लिहायला हवं."

त्याने लिहिलं नाही. भाचीचं लग्न ठरलं, झालंही. पत्रिका तिने स्वतः पोस्टाने पाठवली, पाकिटावर तिचं अक्षर. मी गेले. मांडवात भाऊ माझ्या समोरून तीनदा गेला. एकदा त्याने पंगतीत माझ्या पानात वाढायला सांगितलं, पण वाढप्याला; माझ्याशी बोलला नाही.

ते संकेतस्थळ पुढे हळूहळू ओस पडलं. लोक दुसरीकडे लिहायला लागले. मी माझे लेख उतरवून कागदावर काढून ठेवले आणि आता ते छापायला देते आहे, म्हणून हे सोबत लिहिलं. माझं वाक्य त्यात तसंच ठेवलं आहे. अमेरिकेतल्या त्या काठावर सही करणाऱ्यांना कोणी काय तोंडी सांगितलं होतं, हे आता कोणालाच कळणार नाही. सांगणारे गेले, ऐकणारे गेले. आमचं तसं झालेलं नाही. आपण दोघंही जिवंत आहोत.

तेव्हा भाऊ, तुला विचारते, आणि चारचौघांत विचारते, कारण एकटीने विचारलं तेव्हा तू नाही म्हणालास. जमीन तुझ्याकडे राहू दे. त्यावर माझा दावा नाही, मी सही केली आहे आणि माझी सही मी पाळते. मला आखाजीचं बोलावणंही नको. पण मी पेन धरून थांबले होते तेव्हा तू माझ्याजवळ वाकलास. तेव्हा तू जे बोललास ते बोललास की नाही? हो म्हण किंवा नाही म्हण, पण आपल्या घरच्या भाषेत म्हण, आणि माझ्याकडे बघून म्हण.